धावपळीच्या दिनक्रमात आपल्या माणसांसाठी वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत नोकरी करणाऱ्या आणि आई-वडील किंवा मुले दूर राहत असलेल्या वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले असून, दोन उत्तरांचा परस्परसंबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागची आमची भूमिका एकच आहे : सवड मिळेल तेव्हा भरपूर वेळ देण्याच्या आश्वासनापेक्षा थोडा, पण ठरलेला आणि सहसा न चुकणारा वेळ घरच्या माणसांना अधिक हवा असतो.

१. घरच्यांना वेळ द्यायचा म्हणजे रोज नेमका किती द्यायचा?

याचे तासांत मोजता येईल असे उत्तर नाही, आणि इतरांच्या घरातील तास मोजून स्वतःला दोष देण्यातही अर्थ नाही. वाट पाहणाऱ्या माणसाला तो वेळ केव्हा मिळणार हे आधी माहीत असणे महत्त्वाचे असते. सकाळचा चहा आईबरोबर घ्यायचा असे ठरले, तर तो आठवड्यातील बहुतेक दिवस तिच्याबरोबरच झाला पाहिजे. त्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर ती दिवसभरातील अनेक गोष्टी मनात जपून ठेवते. सुरुवात करताना दिनक्रमात नवी भर घालण्यापेक्षा जे रोज घडतेच ते एकत्र करता येईल का, हे पाहावे : जेवण, भाजी आणणे, भाजी निवडणे, देवापुढे दिवा लावणे, रात्री कट्ट्यापर्यंत एक फेरी मारणे. प्रत्येक जवळच्या माणसासाठी अशी एकच गोष्ट निवडली तरी सुरुवातीला ती पुरेशी आहे.

२. मी बदलापूरहून मुंबईला जातो. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि मुले पेंगुळलेली असतात. अशा वेळी काय करावे?

लोकलच्या प्रवासात ज्यांचे दिवसाचे तीन-चार तास जातात, त्यांच्या बाबतीत रात्रीवर भिस्त ठेवणे बहुधा चुकते, कारण तोपर्यंत मुलेही थकलेली असतात आणि आपणही. त्यामुळे सकाळ हाती घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मुलांना उठवणे, आंघोळीला पाठवणे, दप्तर भरणे, वेणी घालणे ही कामे घाईची असली तरी ती मुलांच्या अगदी जवळ बसून होतात. वेणी घालून घेताना मुलगी समोर आरसा धरून वर्गातल्या भांडणाची जी हकिगत सहज सांगून टाकते, ती तिला संध्याकाळी समोर बसवून 'आज शाळेत काय झाले?' असे विचारल्यावर सांगेलच असे नाही. केस ओढले गेले की ती मध्येच थांबते, कुरकुरते आणि पुन्हा तेथूनच सुरू करते. हे काम बाबांनीही शिकून घ्यावे.

गाडीत बसायला किंवा निवांत उभे राहायला जागा मिळत असेल, तर वीजबिल, किराण्याची यादी, शाळेच्या गटावरील सूचना ही कामे तेथेच उरकून टाकावीत, म्हणजे घरी आल्यावर त्यांसाठी पुन्हा मोबाइल उघडावा लागत नाही. आठवड्यातील एक दिवस ठरवून एक गाडी आधीची पकडता येईल का, हे वरिष्ठांशी बोलून पाहावे. 'कधीतरी लवकर जाऊ द्या' या विनंतीपेक्षा 'दर बुधवारी लवकर निघेन आणि त्याबदल्यात सकाळी लवकर येईन' ही विनंती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. घरून काम करण्याची सवलत असेल, तर त्या दिवशी वाचलेला प्रवासाचा वेळ घरासाठी आहे हे आधीच जाहीर करावे, नाहीतर तो कार्यालयाच्याच खात्यात जमा होतो.

रात्री घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न गृहपाठाचा नसावा, एवढे पथ्य मात्र पाळावे.

३. मी घरीच असते, पण मुले म्हणतात, 'आई, तू असून नसल्यासारखी असतेस.' कार्यालयाचे संदेश रात्रीपर्यंत येत राहतात. मोबाइल बंद तर करता येत नाही.

मोबाइल बंद करण्याची गरज नाही. मात्र तो हातात राहू नये. घरात शिरल्यावर मोबाइल ठेवण्याची एक जागा ठरवावी, शक्यतो दाराजवळच्या फळीवर, आणि त्याची घंटी मोठी ठेवावी. सहकाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवावे की आठ ते साडेनऊ या वेळेत तातडीचे काम असेल तर फोन करावा, संदेश पाठवू नये. असे सांगितले की दर पाच मिनिटांनी संदेश तपासण्याचे कारणच उरत नाही. अनेकांना अशी अट घालायला संकोच वाटतो. प्रत्यक्षात ती वेळ नेमकी आणि मर्यादित असली की बहुतेक सहकारी ती पाळतात. हाच नियम मुलांच्या मोबाइललाही लागू करायचा असेल, तर तो आधी मोठ्यांनी काही आठवडे पाळून दाखवलेला असावा.

४. आठवडाभर जमत नाही म्हणून रविवारी मुलांना मॉलमध्ये नेतो आणि हवे ते घेऊन देतो. यातून भरपाई होते का?

सहलीचा आनंद खरा असतो आणि तो घ्यावा, पण त्याने आठवड्याची उणीव भरून निघत नाही. मॉलमध्ये मुलांचे लक्ष वस्तूंवर असते आणि आपले पैशांवर. बोलणे फार थोडे होते. शिवाय आठवडाभराच्या अपराधीपणातून घेतलेल्या वस्तूंचा हिशेब मुलांना फार लवकर समजतो आणि मग तीच मागण्यांची भाषा होऊन बसते. रविवारचा काही भाग काहीही न ठरवता घरातच मोकळा ठेवावा. पोहे करताना मुलाला कांदा चिरायला बसवणे, सायकलची साखळी एकत्र बसवणे किंवा माळ्यावरचा पसारा काढणे यांत अधिक सहवास आहे, हा आमचा ठाम अनुभव आहे.

५. आई-वडील गावी असतात. रोज फोन करतो, पण 'जेवलात का, तब्येत बरी आहे ना' यापुढे बोलणे सरकतच नाही.

हा आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ बहुधा फोनच्या वेळेत आणि विचारण्याच्या पद्धतीत असते. आपण फोन करतो तो आपल्या सोयीने : स्टेशनवरून घरी चालत येताना, रिक्षात, जेवणाच्या सुट्टीत. पलीकडे त्या वेळी आई चुलीपाशी किंवा गॅसपाशी असते, वडील रानातून येऊन हातपाय धूत असतात, किंवा त्यांची मालिका नुकतीच सुरू झालेली असते. त्यामुळे दोघेही 'बरं आहे सगळं' म्हणून फोन ठेवतात. दुपारच्या झोपेनंतरचा चहा किंवा दिवेलागणीनंतर स्वयंपाकाला लागण्याआधीचा वेळ कसा वाटतो, हे त्यांनाच विचारावे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी त्याच वेळी फोन करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे, 'कसे आहात' या प्रश्नाचे उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी मागच्या वेळी अर्धवट राहिलेल्या विषयावरून पुढे जावे. सोयाबीन उगवले का, शेजारच्या काकूंच्या मुलीचे ठरले का, डॉक्टरांनी बदलून दिलेली रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की रात्री, ग्रामपंचायतीचा नळ आता किती वाजता येतो, असे प्रश्न आपण त्यांचे बोलणे लक्षात ठेवतो याची खूण असतात. लक्षात राहत नसेल, तर वहीत दोन ओळी लिहून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

आपल्याही अडचणी त्यांना सांगाव्यात. त्यांना काळजी वाटेल म्हणून सर्व काही लपवले की त्यांच्या वाट्याला केवळ औपचारिक चौकशी उरते. लोणचे किती दिवस उन्हात ठेवायचे, गृहकर्जाचे काम कसे करावे, बाळाला खोकला झाला आहे तर काय द्यायचे, असा सल्ला त्यांच्याकडे मागितला की बोलणे आपोआप लांबते, कारण त्यात त्यांची गरज असते.

ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने बोलत राहण्यापेक्षा त्यांची श्रवणतपासणी करून घ्यावी. अनेक घरांत 'बाबा हल्ली बोलत नाहीत' या तक्रारीमागे एवढेच कारण निघते.

६. मुलगा न्यू जर्सीत आहे. आमची सकाळ ती त्याची रात्र. त्याला वेळ मिळतो तेव्हा आम्ही झोपलेलो असतो. वेळ कशी जुळवावी?

न्यू जर्सी, न्यूयॉर्क हा भाग भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतो. म्हणून आपल्याकडे सकाळी साडेसात वाजता तेथे आदल्या दिवसाचे रात्रीचे नऊ किंवा दहा वाजलेले असतात. त्याच क्षणी कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतात. अमेरिकेतील मुलांसाठी आपली सकाळ त्यामुळे सर्वांत सोयीची ठरते. इंग्लंड आणि जर्मनीसाठी आपली रात्र, म्हणजे साडेदहाच्या सुमाराची वेळ, तेथे संध्याकाळी येते. दुबई केवळ दीड तास मागे आहे, तर सिंगापूर अडीच तास पुढे असल्याने तेथील मुलांशी बोलायला आपली संध्याकाळच योग्य.

एक घोळ दर वर्षी होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. त्या आठवड्यात ठरलेला फोन चुकला, तर मुलगा विसरला असे लगेच समजू नये. या तारखा कालनिर्णयावर आधीच लिहून ठेवाव्यात.

शनिवारचा एक लांब व्हिडिओ कॉल ठरलेला असला, तरी मधल्या दिवसांत बोललेला संदेश ध्वनिमुद्रित करून पाठवणे फार उपयोगी पडते, कारण त्याला दोन्हीकडे एकाच वेळी जागे असण्याची गरज नसते. आजीने म्हटलेली आरती किंवा सांगितलेली गोष्ट नातवंडे झोपताना पुन्हा पुन्हा ऐकू शकतात.

७. मी परिचारिका आहे. दिवाळी असो की गौरी-गणपती, माझी ड्यूटी असतेच. घरचे समजून घेतात, पण मन लागत नाही.

पोलीस, परिचारिका, एसटीचे चालक-वाहक, अग्निशमन दल आणि तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांतील कामगार यांच्या घरांनी पंचांगापेक्षा ड्यूटीच्या तक्त्याप्रमाणे सण साजरा करण्यात कसलाही कमीपणा मानू नये. भाऊबीज दोन दिवसांनी झाली तरी ओवाळणे तेच असते. तक्ता लागला की त्याच दिवशी त्याची प्रत स्वयंपाकघरात लावावी आणि त्यात सुट्टीच्या दिवसांपैकी एक घरासाठी राखून ठेवावा. रात्रपाळीनंतरची झोप मात्र त्यासाठी मोडू नये. झोप अपुरी असताना दिलेला वेळ चिडचिडीत जातो. गौरीजेवणाच्या वेळी आपण नसणार असू, तर एखादे काम आधी आपल्या हातचे असावे : आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवणे, फुले आणून देणे, मखर उभे करणे. घरातील इतरांनीही तिच्यासाठी ताट वाढून ठेवण्याबरोबरच ती परतल्यावर कोणीतरी तिच्याबरोबर जेवायला बसेल, हे पाहावे.

८. आम्ही दोघेही नोकरी करतो. घर, मुले, सासू-सासरे सगळे होते, पण एकमेकांशी बोलायला वेळच उरत नाही.

येथे आधी कामाची वाटणी पाहावी लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. ज्या घरात रात्री साडेदहापर्यंत एक जण ओटा आवरत असतो आणि दुसरा आडवा झालेला असतो, तेथे 'आपण बोलत नाही' ही तक्रार खरे तर या मिनिटांची आहे. ओटा दोघांनी मिळून आवरला तर काम अर्ध्या वेळात होते आणि बोलणेही तेथेच होते.

वाटणी झाल्यावर आठवड्यातील एक वेळ दोघांची म्हणून ठरवावी, आणि त्या वेळेत हप्ते, शाळेचे शुल्क, दुरुस्तीला आलेला नळ हे विषय काढू नयेत. त्या कामांसाठी रविवारी सकाळी अर्धा तास वेगळा ठेवावा. घरात मोठी माणसे असतील, तर 'आम्ही जरा फिरून येतो' असे मोकळेपणाने सांगून बाहेर पडावे. एकत्र कुटुंबात याची सवय सर्वांनाच होते.

९. रजा मागायला भीती वाटते. हक्काच्या रजा कोणत्या आहेत?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, अशा कामगारांना आठवड्यातून एक सुट्टी, वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले असून उरलेले चार मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरतात. वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा मात्र वर्षअखेर संपते, म्हणून ती जानेवारीतच घरच्यांच्या महत्त्वाच्या तारखा पाहून योजावी. लहान आस्थापना आणि व्यवस्थापकीय पदे यांना हा कायदा सरसकट लागू होत नाही आणि कामगार कायद्यांत अलीकडे बदल झाले आहेत. त्यामुळे आपल्या नेमणूकपत्रातील अटी मनुष्यबळ विभागाकडून तपासून घ्याव्यात.

राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी हीच मर्यादा ७३० दिवसांची आहे. केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. मिळणारी पितृत्व रजा न घेणारे बाबा आजही भेटतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

१०. दिवाळीला चारच दिवस सुट्टी मिळते. सासरी जायचे की माहेरी, यावरून दर वर्षी वाद होतो.

वाद टाळायचा असेल तर निर्णय दिवाळीच्या तोंडावर न घेता दोन्ही घरांना उन्हाळ्यातच कळवावा. यंदा लक्ष्मीपूजन एका घरी असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी, ही सरळ पद्धत सर्वांना समजते. मुलीचे आई-वडील एकटे असतील, आजारी असतील किंवा तिला भावंड नसेल, तर समान वाटणीचा आग्रह अन्यायाचा ठरतो. तेथे गरज पाहून अधिक दिवस माहेरी द्यावेत आणि ही गोष्ट नवऱ्याने आपल्या आई-वडिलांना स्वतः सांगावी. ती सुनेच्या तोंडून वदवून घेऊ नये.

११. गावी जायचे ठरवतो, पण आरक्षण मिळत नाही आणि बेत रद्द होतो.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. गणपतीच्या कोकण गाड्यांची तिकिटे त्या दिवशी सकाळीच संपतात, म्हणून ती तारीख आधी मोजून ठेवावी. सणाचाच हट्ट नसेल तर श्रावणातील किंवा जानेवारीतील एखादा साधा आठवडा निवडावा. त्या वेळी घरात पाहुण्यांची गर्दी नसते आणि आई-वडिलांशी निवांत बोलता येते. दर वेळी आपणच जायचे असेही नाही. राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना निम्म्या तिकिटात आहे. त्यामुळे प्रकृती साथ देत असेल तर त्यांनाही बोलावता येते.

१२. चुलत-मावस भावंडे, जुने मित्र या सगळ्यांना वेळ कसा द्यायचा?

सर्वांना सारखा वेळ देता येत नाही, हे मान्य करावे. गटावर रोज शुभेच्छा टाकण्यापेक्षा महिन्यातून एका माणसाला फोन करावा. आजारपण आणि दुःखाच्या प्रसंगी मात्र प्रत्यक्ष जावे. लग्नाला न गेलेला माणूस लोक विसरतात, दहाव्याला आलेला माणूस विसरत नाहीत.

१३. वडिलांजवळ बसलो की भांडणच होते. मग वेळ देऊन उपयोग काय?

काही नात्यांत समोरासमोर बसून बोलणे अवघडच असते. अशा वेळी हाताला काम असलेला सहवास निवडावा : बँकेत पासबुक भरायला बरोबर जाणे, दाढीला नेणे, कुंड्यांची माती बदलणे, क्रिकेटचा सामना पाहणे. भेट लहान ठेवावी आणि वादाचा विषय निघाला की उठण्याऐवजी काम पुढे न्यावे. मात्र जेथे पूर्वी मारहाण, व्यसन किंवा सततचा अपमान झालेला आहे, तेथे केवळ जन्मदाते आहेत म्हणून स्वतःला पुन्हा त्यात लोटणे आम्ही सुचवणार नाही. औषधपाण्याची जबाबदारी अंतर राखूनही पार पाडता येते.

१४. मी आता वेळ काढतो, पण सोळा वर्षांच्या मुलालाच तो नको असतो. दार लावून बसतो.

या वयात हे स्वाभाविक आहे. त्याच्या वेळेला आपण उपलब्ध असणे एवढेच आपल्या हातात असते. ती वेळ बहुधा रात्री उशिरा, फ्रिज उघडला जातो तेव्हा येते. त्या वेळी दहावी-बारावीच्या गुणांचा विषय काढला की दार पुन्हा लागते. क्लासला गाडीवर सोडणे हीदेखील चांगली संधी असते, कारण दोघेही समोर पाहत असतात. मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा मित्रांनाही टाळत असेल, तर हे केवळ वयाचे लक्षण समजू नये आणि समुपदेशकाची मदत घ्यावी. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

१५. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांच्या सेवेत माझा सगळा वेळ जातो आणि मुलांना मी मिळतच नाही.

शुश्रूषा हा वेळ देण्याचाच प्रकार आहे, पण ती एकाच माणसावर पडली की बाकीची नाती कोरडी पडतात. आठवड्यातील ठरावीक दुपार नणंद, दीर किंवा पतीने पूर्णपणे सांभाळावी आणि हे उपकार म्हणून नव्हे, पाळी म्हणून ठरावे. दूर राहणाऱ्या भावंडांना येता येत नसेल, तर त्यांनी काही तासांच्या मदतनिसाचा खर्च उचलावा. मुलांना आजीच्या खोलीपासून दूर ठेवू नये. पेपर वाचून दाखवणे, पाणी देणे ही कामे त्यांना जमतात. कामाच्या वाटणीविषयी प्रश्न ८ पाहावा.

१६. मी ७२ वर्षांची आहे. मुले चांगली आहेत, पण त्यांना वेळ नसतो. वेळ मागावा कसा?

'तुम्हाला कुठे वेळ आहे आमच्यासाठी' या वाक्याने मुले अपराधी होतात आणि आणखी टाळतात. त्याऐवजी नेमके सांगावे : 'गुरुवारी डॉक्टरांकडे माझ्याबरोबर ये', 'रविवारी रात्री माझ्याबरोबर जेव'. असे स्पष्ट मागणे मुलांना पूर्ण करता येते. फोनची वेळ ठरवण्यासाठी प्रश्न ५ आणि ६ मधील सूचना आपणही मुलांना वाचून दाखवू शकता. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाह खर्च मागता येतो, मात्र सहवास कोणत्याही न्यायाधिकरणाकडून मिळत नाही. म्हणून सगळी वाट मुलांचीच पाहू नये. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात किंवा वाचनालयात आपली माणसे जोडावीत. फार एकाकी वाटत असेल किंवा घरात दुर्लक्ष, छळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या विनामूल्य हेल्पलाइनवर बोलावे. तेथे मराठीतूनही बोलता येते.